पुडीतला मोरशेंडा

सोयगावच्या मैदानात मंडपाबाहेरही माणसं दाटीवाटीनं उभी होती. शिखामहाराजांनी वाळून मुठीएवढा आक्रसलेला मोरशेंडा नावाचा नेचा ताटलीत ठेवला, त्यावर तीर्थ ओतलं आणि प्रवचन सुरू केलं. प्रवचन संपेपर्यंत पानं उलगडून हिरवी झाली.

"मेलेलं झाड जितं केलं," महाराज म्हणाले, "तिथं तुमची साखर काय चीज हाय?"

सगळं मैदान हात जोडून उठलं. पुढच्या रांगेत भामाबाई होती आणि मागे तिची मुलगी सुलेखा दातओठ खात उभी होती. सुलेखा शहरात, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, मोरशेंड्यासारख्या नेच्यांवरच संशोधन करायची. आणि तिच्याच आईनं दोन महिन्यांपासून मधुमेहाच्या गोळ्या बंद करून महाराजांची मोरशेंड्याच्या भुकटीची पुडी धरली होती. पायाच्या बोटाची जखम काळी पडायला लागली होती. दर रविवारी विहारात बावीस प्रतिज्ञा म्हणणारी ही बाई! बोलायला गेलं की भामाबाईचं उत्तर तयार असायचं, "मी काय देवाला नवस केला का? झाडपालाच हाय. तू बी तेच शिकती ना?"



शेवटी सुलेखानं एक पुडी शहरात नेली. भुकटीला पानाचा आकार नसतो, ती ओळखायची आतल्या रसायनांवरून. खऱ्या मोरशेंड्याचा आणि पुडीचा अर्क तिनं एकाच पट्टीवर शेजारी शेजारी टेकवला आणि पट्टी द्रावणात उभी केली. द्रावण वर चढलं तसं एकेक रसायन आपापल्या उंचीवर थांबलं. दोन्हीकडचे पट्टे जुळेनात. मग इतर नेच्यांचे अर्क लावून पाहिले, तेव्हा पुडीचे पट्टे जुळले ते मोरशेंड्याच्या भाऊकीतल्या, ओढ्याकाठी ढिगानं उगवणाऱ्या दुसऱ्याच नेच्याशी.

घरी येऊन तिनं आईला पट्टीचा फोटो दाखवला. मग एक वाळका मोरशेंडा ताटलीत ठेवून त्यावर नळाचं पाणी ओतलं. स्वयंपाक होईपर्यंत तोही उलगडला. भामाबाईनं एक हिरवं पान बोटानं चाचपलं.

"म्हंजी फसवलं त्यानं," ती म्हणाली. "दुसराच पाला दिला. मंग तू मला खरा आणून दे की."

 आठवडाभर राबून सुलेखानं सिद्ध काय केलं होतं, तर पुडीतला पाला चुकीचा आहे, एवढंच. तिला स्वतःचाच राग आला.

"आई, खरा असता तरी तुझा पाय असाच झाला असता," ती म्हणाली. "पाला कोणता, ते पट्टी सांगते. साखर उतरली का, ते रक्तच सांगतं. महाराजाचं ऐकू नको आणि माझंही ऐकू नको. तपासून बघ."

तिनं यंत्र काढून आईच्या बोटाला सुई टोचली. आकडा आला चारशे बारा.

"गोळ्या खात होते तवा किती होती?"

"दीडशे."

भामाबाईनं पाय पदराखाली ओढून घेतला. ती म्हणाली, "सकाळी दवाखान्यात ने. आणि पाय धड राहिला तर महाराजाच्या मैदानात ने. नळाचं पाणी मी घेते."