एकटा उजवा हातमोजा

मी एक जुना हातमोजा आहे. उजव्या हाताचा. डावा कुठे हरवला, असे विचारू नका मित्रांनो. डावा कधी नव्हताच. जगातले सगळे मोजे जोडीने जन्माला येतात, मी तेवढा एकटा आलो. असे का झाले आणि त्यापायी पुढे काय काय घडले, याचा विचार करू लागलो की आजही माझा गोंधळ उडतो. तुम्ही शहाणे आहात, कदाचित तुम्हाला उलगडा होईल.

माझा जन्म एका नाटकमंडळीच्या मागच्या खोलीत झाला. तिथे सरसाचा वास भरलेला असे. भिंतीला लाकडी तलवारी टेकलेल्या असत आणि पुठ्ठ्याचा राजमुकुट खिळ्याला लटकत असे. नाटकाला लागणारे सामान बनवणाऱ्या गृहस्थांना सगळे खटपटेकाका म्हणत, कारण त्यांचे हात कधी स्वस्थ बसत नसत. मोडक्या छत्रीतून ते राक्षसाचे पंख काढत आणि पिठाच्या चाळणीतून सरदाराची ढाल. तिथली प्रत्येक वस्तू खोटी होती आणि त्याचे कुणाला काही वाटत नसे.

त्या वर्षी मंडळीने भविष्यकाळातले नाटक घेतले. दुसऱ्या ग्रहावरची एक मुलगी आपल्या जगात येते. ती तोंडाने बोलत नाही, बोटांनी बोलते. लोकांना वाटते, ही हातवारे करून धमकावते आहे. सैनिक बंदुका रोखतात. इतक्यात एक शास्त्रज्ञ तिच्या हातात मोजा चढवतो, मोजा तिचे बोलणे मोठ्याने बोलून दाखवतो आणि युद्ध टळते. तो मोजा म्हणजे मी.

नाटककारांना ही कल्पना सुचली ती खटपटेकाकांच्या मुलीला पाहून. तिला सगळे चिऊ म्हणत. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हते. तिची आई तिच्याशी हातांनी बोले. मायलेकी त्या खोलीतल्या पेटाऱ्यावर बसून अशा काही गप्पा मारत की मध्येच चिऊ खणखणीत हसे आणि रंगमंचावरची तालीम थांबे.

काकांनी मला काळ्या चामड्यातून शिवले. बोटांवर तांब्याच्या तारा ओढल्या, मनगटावर जुन्या रेडिओचे बटण आणि एक हिरवा दिवा बसवला. मग ते डाव्या मोज्यासाठी चामडे कापायला बसले.

"दुसरा नको," नाटककार म्हणाले. "त्या हातात तिच्या ग्रहावरचा निळा कंदील आहे. कंदील खाली ठेवला तर अंधारात तिचा चेहरा कुणाला दिसणार?"

"मग एकावर भागेल?"

"भागेल हो. नाटकच तर आहे!"

झाले. माझा भाऊ एका कंदिलापायी जन्मायचा राहिला.

आता माझ्या बोलण्याचे गुपित सांगतो. मी अवाक्षरही बोलत नसे. पडद्याआड बसलेल्या प्रॉम्प्टरबाई माझा आवाज होत्या. एकदा त्यांना सर्दी झाली होती, तेव्हा ती परग्रहावरची मुलगी ऐन बंदुकांसमोर सटासट शिंकली. तरीही लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रयोग संपला की मुले मला हात लावायला धावत. पहिल्या रांगेत नेहमी बसणाऱ्या एका मुलीने काकांना विचारले, "हा खरंच बोलतो?"

"अजून नाही," काका म्हणाले. "पण बोलेल. तू मोठी झालीस की तूच बनव."

काका गमतीने बोलले होते. पण हळूहळू त्यांना स्वतःलाच ते खरे वाटू लागले. घरी चिऊची आई म्हणे, "अहो, तुम्हीही थोडे हात हलवायला शिका ना. पोर तुमच्या तोंडाकडे बघत बसते."

"अगं, आज ना उद्या यंत्र येणारच आहे," काका म्हणत. "माणूस कुठल्या कुठे पोहोचला. हे तर किती सोपं! उगाच आता चुकतमाकत कशाला शिकायचं?"

चुकतमाकत म्हणताना ते खाली बघत. पडदा रंगवताना इतका धीट असणारा माणूस स्वतःच्या मुलीसमोर चुकायला घाबरत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे मला म्हणावेसे वाटे. पण तो वळसा सुरू झाला होता माझ्यापासूनच, मग मी कोणत्या तोंडाने म्हणणार?

पुढे मंडळी मोडली. तलवारी चुलीत गेल्या, मुकुट कुणी तरी नेला. काकांनी मला घरी आणून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवले, मिठाच्या बरणीशेजारी. माझ्या तारा काळ्या पडल्या, दिवा कधी गेला ते कळलेही नाही. पण मित्रांनो, त्या फळीवर एक नवल घडले. खाली जेवणाच्या टेबलाशी मायलेकींचे बोलणे चाले आणि मी ते वरून बघत राही. हातमोजाच मी! हातांची भाषा मला येऊ लागली. राग कसा दिसतो, थट्टा कशी दिसते, भुवई उंचावली की साध्या वाक्याचा प्रश्न कसा होतो, सगळे मला समजू लागले. नाटकातला खोटा मोजा खरोखर समजणारा झाला. फक्त बोलता येत नव्हते, आणि प्रॉम्प्टरबाई तर केव्हाच आपल्या गावी निघून गेल्या होत्या.

मग चिऊची आई आजारी पडली आणि गेली. घरातली भाषाच गेली म्हणा ना. बापलेक चिठ्ठ्या लिहू लागले. 'साखर संपली.' 'उशीर होईल.' चिठ्ठीत किराणा मावतो, मन मावत नाही.

चिऊ मोठी झाली होती. दूरच्या शहरात, ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत तिला शिक्षिकेची नोकरी मिळाली. ते वडिलांना कसे सांगावे, याची ती स्वयंपाकघरात एकटीच तालीम करी. मला दिसत होते. तिचे हात म्हणत, "बाबा, मला नोकरी लागली. आई गेल्यापासून या घरात माझ्याशी कुणी बोललं नाही. मी जाण्याआधी एकदा तरी तुम्ही बोला, तुमच्या हातांनी. नाहीतर मी परत कुणासाठी येऊ?"

मी फळीवर तळमळत होतो. सगळे कळत होते, आणि जिभेच्या जागी रेडिओचे बटण!

अशात एक दिवस दारात एक बाई उभ्या राहिल्या. "काका, ओळखलंत? पहिल्या रांगेतली मी. तुम्ही म्हणाला होतात ना, तूच बनव म्हणून? बनवला."

त्या आता एका प्रयोगशाळेत संशोधन करत होत्या. काकांनी आनंदाने कागद पुढे ओढला. त्यांनी चिऊला चिठ्ठी लिहिली: 'तुला जे सांगायचं ते आता यंत्रातूनच सांग. इतकी वर्षं याचीच वाट पाहिली.' चिऊने ती वाचली, फळीवर माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. होकार होता की नुसता उसासा, मला समजले नाही.

प्रयोगशाळेत बाईंनी मलाही मागून नेऊन काचेच्या पेटीत बसवले होते. शेजारी पाटी होती, 'जिथून सुरुवात झाली'. मी संकोचून गेलो. मी तर कशाचीच सुरुवात नव्हतो, चामडे आणि सरस होतो. समोरच्या टेबलावर तो होता, खरा. मऊ, राखाडी, बोटाबोटात बारीक यंत्रे. मी त्याच्याकडे आधी अभिमानाने बघितले आणि मग त्याच्या डाव्या बाजूला पाहिले. तिथे कुणीच नव्हते. तोही एकटाच होता, उजव्या हाताचा! बाईंना विचारावेसे वाटले, अहो, तुमचा कंदील कुठे आहे?

चिऊने मोजा चढवला. बोटे हलली आणि यंत्र म्हणाले, "बाबा."

खोली टाळ्यांनी दणाणली. काकांनी डोळे पुसले.

"मी," यंत्र म्हणाले. "शाळा." मग नुसतीच घरघर. चिऊचे दोन्ही हात भराभर बोलत होते, भुवया बोलत होत्या, खांदे बोलत होते. मला पेटीतून सगळे लख्ख कळत होते. यंत्राला मात्र त्यातला उजवा तुकडा तेवढा मिळत होता.

संशोधक बाईंनी तिला हाताने खूण केली आणि लिहून दाखवले, 'जरा सावकाश. आणि शक्यतो एकाच हाताने.'

चिऊ त्या कागदाकडे बघत राहिली. काकांना वाटले, पोर घाबरली. ते पुढे झाले आणि मोठ्याने म्हणाले, "बोल बाळा, बोल! मी ऐकतोय!"

सगळ्या खोलीला ऐकू गेले. तिला सोडून.

काका गोंधळून बाईंकडे वळले. "आता मी बोललेलं हिला कसं कळायचं? त्याचं बटण कुठलं?"

बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "ते... ते नाटकात नव्हतं, काका. त्या मुलीला ऐकू येत होतं."

मित्रांनो, बाई वाईट नव्हत्या. त्यांनी लहानपणी पाहिलेले स्वप्न जसेच्या तसे खरे केले होते, आमच्या चुकांसकट. आम्ही ते स्वप्न पाहिले तेव्हा ज्यांच्यासाठी पाहिले त्यांना विचारले नव्हते. चिऊ तेव्हा शेजारच्या पेटाऱ्यावरच बसली होती.

काकांनी माझी पेटी उघडली. का, ते त्यांनाही ठाऊक नसावे. त्यांनी मला हातात चढवले. किती वर्षांनी त्यांचा ऊबदार तळवा मला लागला! त्यांनी बटण दाबले. दिवा लागला नाही. मग त्यांनी मला काढून टेबलावर ठेवले आणि मोकळे हात मुलीसमोर धरले.

त्यांना एकच गोष्ट येत होती. चिऊची आई रोज तिन्हीसांजेला लेकीला करायची ती खूण. त्यांनी बोटे तोंडाशी नेली, मग दोन्ही हात छातीकडे ओढले. जेवायला चल.

संशोधकांनी भरलेल्या खोलीत, भर दुपारी! चिऊ हसली, तेच लहानपणचे खणखणीत हसू. हसता हसता रडू लागली. तिने राखाडी मोजा उतरवला, वडिलांचे हात धरले आणि कोपर थोडे वर उचलून दिले. खूण चुकली होती, ती तिने दुरुस्त केली.

चिऊ नोकरीवर गेली, पण जाण्याआधी रोज जेवताना तिने वडिलांची शिकवणी घेतली. बाई आता दोन्ही हातांचे काही तरी करू पाहत आहेत. म्हणे चिऊलाच विचारून विचारून. आणि संध्याकाळी काकांचा फोन वाजत नाही, उजळतो. त्यात चिऊ दिसते. दूरच्या माणसाला दाखवणारे आरसे पूर्वी म्हणे फक्त गोष्टींत असत. ज्याने ती गोष्ट पहिल्यांदा रचली, त्याला बापलेकीचे हे हातांचे बोलणे सुचले असेल का? मला नाही वाटत. कोणते स्वप्न कुणाच्या कामी येईल, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

म्हणून एवढेच मागतो. स्वप्ने खुशाल पाहा, माझ्यासारखी खोटीनाटी यंत्रेही बनवा. फक्त ती खरी होण्याची वाट बघत कुणाला टेबलाशी एकटे बसवू नका.

बाकी माझे छान चालले आहे. काकांनी माझ्यात चिंध्या भरून बोटे वाकवली आहेत आणि मला घरी जेवणाच्या टेबलावर उभे केले आहे. फोन मी धरतो. त्यांचे दोन्ही हात मोकळे लागतात ना!