सुभद्राकाकूंचा डेक

अश्लेषाला स्वतःच्या नावावर पहिलं काम मिळालं ते सुभद्राकाकूंचा हात मोडल्यामुळे. याचा आनंद मानावा की नाही, हे तिला बरेच दिवस ठरवता आलं नाही.

हैदराबादेत इंटिरियरचा कोर्स करून ती तिथल्याच एका ऑफिसात राबत होती. राबत होती म्हणजे काय, तर लोकांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांना कोणत्या मुठी शोभतील ते सांगत बसायची. शेवटी कंटाळून ती आदिलाबादला परतली आणि घराच्या पुढच्या खोलीवर पाटी लावली. पाटी वाचून लोक आत यायचे आणि विचारायचे, "इथं झेरॉक्स होते का?"

असेच एक दिवस गोपाळराव आत आले. पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, तिच्या वडिलांच्या ओळखीचे. आल्या आल्या खुर्ची ओढून म्हणाले, "पोरी, तुले डेक करता येते का?"

"मागच्या अंगणात फळ्यांचा ओटा असतो तो? लाकडी?"

"लाकडी नाई. लाकडाचा भुसा अन् प्लास्टिक मिळून फळ्या करतात ना, कॉम्पोझिट, त्याचा. आमच्या पोराच्या, अवधूतच्या घरी हाय अमेरिकेत. उधई-वाळवी लागत नाई, पॉलिश लागत नाई, पाण्यानं फुगत नाई. मागच्या दारी तसाच्या तसा पायजे. तुही काकू भादव्यात घसरली चिखलात, मनगट मोडून बसली. आता त्या मातीत पाय ठेवायचाच नाई."

त्या मातीबद्दल त्यांनी काही वेगळं सांगायची गरज नव्हती. काळी माती, पावसात चपलेला अशी चिकटते की चप्पल तिथंच सोडून घरात यावं लागतं, आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की हातातली किल्ली पडली तर गेलीच. अश्लेषाने दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन अंगण मोजलं. स्वयंपाकघराचं दार, मधोमध सीताफळाचं झाड, एका कोपऱ्यात धुण्याचा दगड, त्याच्याशेजारी कढीपत्ता, आणि त्यांच्या लगत, उजव्या हाताला, तिच्या डोक्याहून उंच गेलेली कंपाउंडची भिंत. भिंतीपलीकडे भिवाजी गुरुजींचं घर. गुरुजी जैनथच्या शाळेतून निवृत्त झालेले. ते आणि त्यांच्या बायको रुख्मिणीबाई, दोघंच राहायचे.

अश्लेषाने जीव ओतून पहिला नकाशा काढला. सीताफळाभोवती गोल जागा सोडली, म्हणजे खोडाला वाढायला वाव राहील. फळ्या तिरप्या, आणि कडेने गडद रंगाच्या फळीची चौकट, जशी फोटोला असते. गोपाळरावांनी चष्मा लावून पाहिला आणि भिंतीच्या बाजूला बोट ठेवलं. "इथं भिंतीच्याबी वर जाईल असा एक उंच पडदा टाक. पट्ट्यापट्ट्यांचा. अवधूतकडे हाय तसा. कोणाची नजर नाई आली पायजे."

सुभद्राकाकू प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "छान हाय."

अश्लेषाने दुसरा नकाशा काढला. त्यात झोपाळा होता, कडेला कुंड्यांचे खण होते, पायरीखाली मंद दिवे होते. काकू म्हणाल्या, "हेबी छान हाय." तिसऱ्यात तिनं भिंतीला लागून बाक बसवला, फळी उचलली की आत कुरडया-पापडांचे डबे मावतील असा. "छानच हाय वो बाई," काकू म्हणाल्या आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेल्या. लग्नाच्या पंगतीत भाजी कशी झाली विचारल्यावर माणूस जसा बोलतो, तसा तो आवाज होता.

गोपाळराव मात्र रंगात आले होते. "नक्शा मंजूर! रंग चॉकलेटी." अश्लेषा म्हणाली, आधी नमुन्याच्या फळ्या उन्हात ठेवून पाहू. ऑक्टोबरचं ऊन होतं. दुपारी जेवण झाल्यावर गोपाळराव अनवाणी बाहेर आले, चॉकलेटी फळीवर ऐटीत उभे राहिले, आणि पुढच्याच क्षणी असे उडाले की काकूंना हसू आवरेना. शेजारची फिकी, वाळूच्या रंगाची फळी गरम होती, पण पाय टेकवण्याजोगी. "मीबी हेच म्हणून राह्यलो होतो," गोपाळराव तळवा चोळत म्हणाले.

त्या दिवशी टेप तिथंच विसरली म्हणून अश्लेषा संध्याकाळी परत गेली. घराच्या बाजूच्या बोळातून मागे आली आणि जागीच थबकली. काकू धुण्याच्या दगडावर चवड्यांवर उभ्या होत्या. बरा हात भिंतीवर, प्लास्टरचा हात हवेत, आणि मान अशी ताणलेली की पाहणाऱ्याचाच जीव वरखाली व्हावा.

पलीकडून आवाज आला, "मंग त्या पडद्यामागून तुमी दिसणारच नाई ना मले?"

"पाहू वो रुख्मिणबाई. अजून लावला कुठं?"

"काकू!" अश्लेषा धावली आणि तिनं त्यांना कमरेला धरून खाली उतरवलं. "इथूनच पडला होतात ना तुम्ही?"

काकूंनी ओठावर बोट ठेवलं. "यायले सांगू नको. कपडे वाळू घालताना पडली म्हणून सांगितलं हाय मी."

मग त्या दगडावरच बसून त्यांनी सांगितलं. भिंत पूर्वी कमरेइतकी होती. गुरुजींचं कुटुंब राहायला आलं तेव्हा दोघी संध्याकाळी आपापल्या बाजूने भिंतीवर कोपरं टेकून भाजी निवडायच्या. पुढे माकडांचा त्रास वाढला म्हणून गोपाळरावांनी भिंत उचलली. तेव्हापासून इकडे हा दगड आणि तिकडे रुख्मिणीबाईंचं स्टूल.

"मग पुढच्या गेटातून का नाही जात?"

"जाते ना, सणासुदीले जाते. पण समोरून गेलं की चहा होते, पोहे होते, पाहुणचार होते. कढीपत्ता तोडता तोडता जे बोलता येते ना, ते समोरून गेल्यावर नाई येत बाई."

अश्लेषा घरी आली ती तडक टेबलाशी बसली. चौथ्या नकाशात पडदा नव्हता. डेकला दोन उंच्या होत्या: स्वयंपाकघरापाशी जमिनीलगत, आणि भिंतीकडे पाच-सहा रुंद पायऱ्या चढून वर, म्हणजे तिथं उभं राहिलं की भिंत कमरेशी येईल. सकाळी गोपाळराव बाजारात गेल्याचं पाहून तिनं तो काकूंपुढे ठेवला. काकूंनी पहिल्यांदाच कागदावर हात फिरवला. पहिल्यांदाच प्रश्नही विचारला.

"मी उंचावर उभी राहाणार. अन् रुख्मिणबाई? त्या स्टुलावरच?"

हे अश्लेषाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती जराशी ओशाळली, मग म्हणाली, "मग डेक वर नको नेऊ या. भिंतच खाली आणू. पूर्वी होती तितकी. आणि तिच्या माथ्यावर याच फळ्यांची रुंद पट्टी बसवू. दोन्हीकडून कोपरं टेकता येतील, ताटली ठेवता येईल."

काकूंचे डोळे चमकले. "चाल, रुख्मिणबाईले अन् गुरुजीले विचारू."

दोघी पुढच्या गेटाने गेल्या. रुख्मिणीबाईंना तर ऐकूनच आनंद झाला. त्यांनी चहाचं आधणही ठेवलं. भिवाजी गुरुजी मात्र वर्तमानपत्राची घडी घालत राहिले. घडी बाजूला ठेवून म्हणाले, "भिंत उचलली तवा आमाले कोणी विचारलं नोतं. आता पाडाची तर काऊन विचारून राह्यले?"

"गुरुजी, तेव्हा माकडं—" काकू म्हणाल्या.

"माकडं आधीबी होते, बाई. आमी इथं राह्यले आलो, अन् साल उलटायच्या आत भिंत वर गेली. आमाले जे समजायचं ते आमी समजलो."

ते हे मोठ्याने बोलले नाहीत, रागानेही नाही. रुख्मिणीबाई म्हणाल्या, "जाऊ द्या ना, जुनी गोष्ट." पण काकूंच्या हातातला कप तसाच राहिला. गुरुजी काय समजले होते, हे कोणी सांगायची गरज नव्हती. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसलेल्या त्या शिक्षकाने आयुष्यभरात अशा कितीतरी भिंती पाहिल्या असतील, हे अश्लेषालाही कळलं.

घरी आल्यावर काकूंनी आडपडदा ठेवला नाही. दगड, स्टूल, पडणं, गुरुजींचं बोलणं, सगळं नवऱ्यापुढे मांडलं. गोपाळराव आधी हसले. मग चिडले. "मी? अवो, माकडायनं सोलरच्या नळ्या फोडल्या होत्या! तुले माहीत नाई का? अन् त्यायनं हे मनात धरलं? इतके वर्षं?"

"तुमी विचारलं होतं का त्यायले? एका शब्दानं?"

"माही भिंत, माह्या जागेत, मी काऊन—" एवढं बोलून गोपाळराव थांबले. आपलंच वाक्य कानावर पडलं असावं. ते खाटेच्या कडेवर बसले.

काकू हळू आवाजात म्हणाल्या, "मीबी नाई विचारलं तुमाले तेव्हा. मले बरं नव्हतं वाटलं, पण विचारलं नाई."

अश्लेषा नकाशाची गुंडाळी करत उभी होती. इथून अदृश्य होता आलं तर बरं, असं तिला वाटत होतं. पहिलं काम गेलं, हे तिनं मनाशी पक्कं धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपाळराव इस्त्रीचा सदरा घालून तिच्या दारात उभे. "नक्शा घे अन् चाल माह्यासंगं."

रस्ताभर ते माकडांची हकिकत घोळवत होते; कोणत्या साली आली, किती नळ्या फोडल्या, गच्चीवरचे पापड कसे नेले. हे सगळं ते गुरुजींना सांगणार या कल्पनेनं अश्लेषाची पावलं मंदावली. गुरुजी गेटाशी झाडांना पाणी घालत होते. गोपाळरावांनी नमस्कार केला, तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"गुरुजी, भिंत उचलताना तुमाले विचाराले पायजे होतं. मी नाई विचारलं. चुकलं माहं."

माकडांचा एक शब्दही निघाला नाही. गुरुजींनी नळ बंद केला. सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला, तो पुसून झाल्यावरही पुसत राहिले. मग चष्मा लावून म्हणाले, "नक्शा दाखवा."

ओसरीवर कागद पसरला गेला. गुरुजींनी तो शाळेतली उत्तरपत्रिका तपासावी तसा वरपासून खालपर्यंत वाचला. भिंतीपलीकडच्या भागावर बोट ठेवून विचारलं, "हे कोरं काऊन?"

"ते... ते तुमचं अंगण आहे, गुरुजी," अश्लेषा म्हणाली.

"आमचं हाय म्हणून कोरं? आमच्याकडे काय वेगळी माती हाय? आमच्या बाजूनंबी घ्या असाच डेक. लहान चालन. हिचं स्टुलावर चढणं एकदाचं बंद होऊ द्या."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ रुख्मिणीबाईंचं हसणं.

त्यानंतर अश्लेषाच्या मागे खरा ससेमिरा लागला. एक गिऱ्हाईक होतं त्याची दोन झाली, आणि दोघेही निवृत्त. गोपाळरावांना पाण्याचा उतार मोजायचा होता, गुरुजींना पायरीऐवजी सरळ उतरण हवी होती. गोपाळराव म्हणायचे फळ्या आडव्या, गुरुजी म्हणायचे तिरप्या. दुसऱ्या दिवशी दोघांची मतं बदललेली असायची आणि तरीही एकमेकांच्या विरुद्धच असायची. शेवटी तिनं दोघांना सांगून टाकलं, की दोन्ही डेकच्या फळ्या एकाच रेषेत भिंतीकडे धावतील, म्हणजे बघणाऱ्याला भिंतीखालून एकच डेक गेल्यासारखा वाटेल. दोघांनीही पहिल्यांदाच एकदम मान डोलावली. पट्टीची रुंदी आणि बाकाची जागा तेवढी तिनं दोन्ही बायकांना विचारून ठरवली.

दिवाळीनंतर निर्मल गावाहून फिटर आले. काळी माती फुगते-आकसते म्हणून खोल खड्डे घेऊन काँक्रीट भरलं, त्यावर लोखंडी चौकट, चौकटीवर वाळूच्या रंगाच्या फळ्या. पाणी खाली जावं म्हणून दोन फळ्यांमध्ये बोटाच्या पेराहून कमी फट. भिंत उतरवली त्या दिवशी काकू आणि रुख्मिणीबाई इतक्या वर्षांनी दगड-स्टुलावर न चढता एकमेकींना दिसल्या, आणि विटांची धूळ उडत असतानाच बोलत सुटल्या.

माथ्यावरची पट्टी बसवून झाली त्याच सकाळी माकडांची एक टोळी आली आणि नव्याकोऱ्या पट्टीवर ओळीनं बसली. गोपाळराव काठी घेऊन धावले, पण पलीकडे गुरुजींना पाहून मध्येच थांबले. गुरुजी माकडांकडे पाहत होते, मग गोपाळरावांकडे. त्यांच्या मिशीत हसू फुटलं.

"आले बरं तुमचे साक्षीदार, गोपाळराव."

गोपाळरावांनी उगारलेली काठी खाली घेतली. मग तेही हसायला लागले. इतकं की काठी टेकून उभं राहावं लागलं.

संक्रांतीच्या आसपास अश्लेषा एक करकरणारी फळी पाहायला गेली. फळीला चौकटीशी धरणारी क्लिप सैल झाली होती, ती तिनं घट्ट केली. ऊन कलतं होतं, सीताफळाची सावली फळ्यांवर पसरली होती. रुख्मिणीबाईंच्या भाच्यानं शेतातून ज्वारीचा हुरडा पाठवला होता आणि पट्टीवर त्याची परात होती. गोपाळराव आणि गुरुजी पलीकडच्या बाकावर निवडणुकीवरून भांडत होते. इकडे दोघी कोपरं टेकून कोणाच्या तरी सुनेच्या बदलीबद्दल बोलत होत्या. डेकबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं.

"उभी काऊन हायस?" काकू म्हणाल्या. "सांधे, स्क्रू पाहून झाले असतील तर चप्पल काढ अन् बस."

इतके महिने त्या अंगणात ती नेहमी टेप नाहीतर कागद घेऊनच उभी राहिलेली. तिनं चप्पल काढली. फळ्या कोमट होत्या. ती भिंतीपाशी पाय लांब करून बसली, आणि रुख्मिणीबाईंनी भिंतीवरून वाकून तिच्या ओंजळीत गरम हुरडा ओतला, वर तिळाच्या चटणीची चिमूट. तो संपल्यावर तिनं न लाजता पुन्हा ओंजळ पुढे केली.