टेबलाला टेकवलेला नादकाटा

मी नादकाटा बोलतोय. बोलतोय कसला, दमलेल्या आवाजात कुरकुरतोय! शाळेच्या प्रयोगशाळेतला, दोन पाय आणि एक दांडा असलेला पोलादी चिमटा म्हणा हवं तर.

कारखान्यात एका कारागिरानं मला कानशीनं घासून घासून सुरावर आणलं. तेवढा एकच सूर येतो मला, तोही जाडाभरडा. रबरावर आपटायचं असतं मला, पण कार्टी टेबलाच्या लोखंडी कडेवरच हाणायची. अंगाला पोचे आले, सूरही उतरला.

जपलं ते विज्ञानाच्या बाईंनी. नुसतं फळ्यावर चित्र काढून त्या कधी मोकळ्या झाल्या नाहीत. मला वाजवून पाण्यात बुडवायच्या. पाणी उडालं की पुढची बाकं किंचाळायची. मग माझा दांडा टेबलाला टेकवून म्हणायच्या, "तळहात ठेवा रे सगळे. आवाज म्हणजे थरथर. ती कानानंच ऐकायची असं कोणी सांगितलं?"

अलीकडे वर्ग सुटला की बाई मला वाजवून कानाशी धरायच्या. मग मान हलवून दांडा कानामागच्या हाडाला लावायच्या. बाईंना ऐकू येईनासं झालं होतं. मला फार वाईट वाटायचं.

पोरांनाही कळलंच. मागून विचारलेल्या शंकांना उत्तरं येईनात. कोणीतरी घरी सांगितलं, घरच्यांनी मुख्याध्यापकांना. त्यांनी बाईंना बजावलं, "खरं असेल तर वर्ग काढून घ्यावा लागेल. मग ऑफिसात बसायचं." त्या दिवशी बाईंनी मला पुसलं आणि त्याच फडक्यानं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी बाई फळ्यावरचं समजावत होत्या, एक हात सवयीनं मागे टेबलावर. मुख्याध्यापक मागच्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई!"

बाई आपल्या बोलतच राहिल्या. माझा जीव टांगणीला! तेवढ्यात पहिल्या बाकावरची चष्मेवाली उठली. तिनं मला आपटलं, तेही चक्क रबरावर, आणि दांडा टेबलाला टेकवला. होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून मी थरथरलो.

बाई वळल्या. "या ना सर, आत या."

"हे काय चाललंय?"

"आम्ही बाईंना हाक मारतो अशी," चष्मेवाली म्हणाली. खोटंच! पहिलीच तर वेळ होती.

सर पुढे आले. त्यांनी टेबलावर तळहात ठेवला. मी अजून थरथरत होतो. "असंच चालू द्या," एवढं म्हणून ते गेले.

तेव्हापासून कोणाला काही विचारायचं असलं की आधी मला वाजवतात. दिवसभर मार खातो. फार थकलोय हो. पण बाई वर्गात आहेत तोवर मला कपाटात ठेवू नका.