पाडव्यापर्यंत

दशरथने पान्याने शेवटचा नट सोडवला आणि गीझरच्या टाकीतून पांढऱ्या क्षाराचा रबडा भसकन बादलीत पडला. विजयमालाबाई बाथरूमच्या दारात बॅटरी धरून उभ्या होत्या. दशरथने आत डोकावून पाहिलं, एक फोटो काढून त्यांच्या मुलाला, अनिरुद्धला पाठवला आणि पुन्हा टाकीत हात घातला.

"काकू, टाकी गेली ही. बुडाला भोक पडलंय. टँकरचं पाणी हाय, अठरा वर्षं टिकली हेच लई झालं."

"ते माझ्या मुलाला सांग. दिवाळीपासून चांगलं मॉडेल शोधतोय. बायको शोधायलासुद्धा त्याला एवढा वेळ लागला नव्हता."

बोलणं तिरकं असलं तरी राग नव्हता. त्याला बाणेरहून इकडे धायरीला यायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो, हे त्या स्वतःच शेजारणींना सांगत असत. दिवाळीपासून त्या गॅसवर पाणी तापवून पातेलं दोन्ही हातांनी बाथरूमपर्यंत नेत होत्या, तेही एकाहत्तराव्या वर्षी. संक्रांतीच्या आधी पातेलं कललं आणि मनगट पोळलं, तेव्हा अनिरुद्ध मलम घेऊन धावत आला होता. स्वतःच्या हाताने लावून म्हणाला होता, "आई, जपून गं." त्या मलमाची रिकामी ट्यूबसुद्धा त्यांनी टाकली नव्हती.

वॉशिंग मशीनवर ठेवलेला दशरथचा फोन वाजला.

"साहेबांचा मेसेज असंल. तेवढा लावा की काकू, माझे हात भरलेत."

विजयमालाबाईंनी चष्मा सारखा केला आणि बटण दाबलं. अनिरुद्धचा आवाज आला.

"दशरथ, नवीन बिवीन काही बसवू नकोस. भोक बुजव, काहीतरी कर, पाडव्यापर्यंत चालला पाहिजे, बस. फ्लॅट विकतोय आपण. घेणारी पार्टी सगळं तोडून नव्याने करणारे. पाडव्याला आईची सही घेतो. भूगावला सीनियर सिटिझन्सचं एक छान होम आहे, तिथे तिची रूम बुक केलीय. तिला आत्ता काही बोलू नकोस हां. उगाच टेन्शन घेते."

दशरथ स्टुलावरून खाली उतरला. त्याला कुठे बघावं ते कळेना.

"काकू, शपथ, मला ठाव नव्हतं."

"तुला कसं ठाऊक असणार? घर माझ्या नावावर आहे, मलाही नव्हतं."

त्या त्याच स्टुलावर बसल्या. घर विकायचंय, असं तोंडावर म्हणाला असता, तर भांडून का होईना, त्या कदाचित हो म्हणाल्याही असत्या. पण चार महिने हा मुलगा त्यांना पातेली उचलू देत होता. मलम लावत होता तेव्हाही त्याला माहीत होतं, की नवा गीझर येणारच नाही. केसाने गळा कापतात तो असा. त्यांनी पदर मनगटावर ओढून घेतला.

"नव्या टाकीची वॉरंटी किती असते रे?"

"सात वर्षं."

"मग आजच बसव. पैसे मी देते."

"आणि साहेबांना काय सांगू?"

"काही सांगू नकोस. उगाच टेन्शन घेतो."

दुपारी नवा गीझर लागला. वॉरंटी कार्डावर विजयमालाबाईंनी पूर्ण नाव लिहिलं आणि खाली ठसठशीत सही केली. दशरथ जुनी टाकी भंगारात द्यायला निघाला, तेव्हा कपाटातली मलमाची ट्यूबही त्यांनी त्याच्या पोत्यात टाकली.

संध्याकाळी अनिरुद्धचा फोन आला.

"आई, झालं ना काम? पाडव्याला येतोय मी. श्रीखंड आणतो."

"ये ना. पारोसाच ये, आंघोळ इथेच कर. नवी टाकी बसवून घेतलीय मी. आता सात वर्षं बघायला नको."

  फोन कानाला तसाच धरून विजयमालाबाईंनी बाथरूमचा नळ सोडला आणि गरम पाण्याखाली हात धरला.