धुराडं कुठून जातं?

ओतीव लोखंडाच्या, चार वाकड्या पायांच्या एका म्हाताऱ्या चुलीला भीती वाटते, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा, मित्रांनो, खुशाल हसा. पण मला भीती वाटते, आणि तीही आगीचीच वाटते.

मी दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात, चिलोए बेटावरच्या एका घरात राहते. इथे भिंती लाकडाच्या, जमीन लाकडाची आणि छपरावरची कौलंसुद्धा लाकडाचीच. अशा घरात पोटात निखारे घेऊन बसायचं म्हणजे काय असतं, ते माझं मला ठाऊक! एखादी ठिणगी बाहेर उडाली तरी माझा जीव अर्धा होतो. मी मुळातच घाबरट. पण घाबरट आहे म्हणूनच आजवर घर शाबूत राहिलं, असं मला आपलं वाटतं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या ओतशाळेत झाला. वितळलेलं लोखंड साच्यांत ओतून माझे भाग तयार केले, घासले, एकमेकांत बसवले, आणि मला बोटीत चढवलं. इथे पोहोचले तेव्हा ओहोटी होती. मला चिखलातच उतरवलं आणि बैलांनी लाकडी घसरगाडीवरून ओढत ओढत चढावरच्या या घरात आणलं. क्लोरिंदा तेव्हा नवी नवरी होती. ओले हात झग्याला पुसून तिने माझ्या दाराची कडी उघडून पाहिली, लावून पाहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "हिला भिंतीपासून लांब ठेव रे. लोखंड गप्प बसतं, पण विसरत नाही." तेव्हाच मला कळलं की आमचं दोघींचं जमणार.

मग किती हिवाळे गेले, मी मोजले नाहीत. माझ्यावर सतत किटली असायची. माझ्या वरच्या दोरीवर मोजे, जाळी, बाळाची दुपटी वाळायची. माझ्या भट्टीत मिल्काओ, म्हणजे बटाट्याचे जाड रोट, खरपूस भाजले जायचे. पाहुणा आला की तो थेट स्वयंपाकघरात, माझ्याजवळ यायचा, बूट काढून पाय माझ्याकडे करायचा आणि माते नावाच्या कडवट चहाचं कढत भांडं हातोहात फिरायचं. घरात एक बैठकीची खोलीही होती. पण तिथे संतांची तसबीर, लग्नातली भांडी आणि थंडी, एवढंच नांदायचं. तिला सगळे 'गार खोली' म्हणत. माझं धुराडं स्वयंपाकघरातून सरळ छपराबाहेर जायचं. धूर कधी माझ्या दारातून घरात आला नाही. माझ्यामुळे कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, याचा मला फार अभिमान होता.

क्लोरिंदाचा नवरा वारला. घर मुलीच्या, इर्माच्या हाती आलं. इर्मा मनाने वाईट नाही हो. पण लग्नानंतर सासरच्या कुणीतरी तिला एकदा "स्वयंपाकघरात वाढलेली माणसं" असा टोमणा मारला होता, आणि तो तिच्या मनात काट्यासारखा रुतून बसला होता. तिच्या मुलीचं, यास्नाचं, समोरच्या बेटावरच्या मुलाशी जमलं. मुलाच्या वडिलांच्या स्वतःच्या बोटी होत्या. मुलाचे आईवडील रीतसर मागणी घालायला येणार असं कळलं, आणि इर्माने कंबर कसली.

"त्यांना मी काय मोज्यांच्या दोरीखाली बसवू?" ती म्हणाली. "मला दिवाणखाना हवा. खरा दिवाणखाना!"

गार खोली रंगवली गेली. पांढरे पडदे आले, मखमली खुर्च्या आल्या, त्यांवर विणलेली आवरणं आली. आणि सगळ्याच्या मधोमध, दारातून आत येताच नजर पडेल अशी, मी. माझ्या डाव्या अंगाला एक कोच, उजव्या अंगाला तसाच दुसरा. मला काळं पॉलिश केलं आणि माझ्या डोक्यावर किटलीऐवजी प्लॅस्टिकच्या फुलांची फुलदाणी ठेवली! स्वयंपाकघरात गॅसची शेगडी आली. नटल्यावर कुणाला बरं वाटत नाही? मलाही क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण धुराड्याचं काय?

इर्माचा नवरा रेनातो शिडीवर उभा राहून डोकं खाजवत होता. "छपराला नवं भोक पाडलं, तर पावसाळाभर खाली टोपल्या लावत बसावं लागेल. जुनं भोक आहे ना स्वयंपाकघरात. नळी तिकडेच नेतो, आडवी."

"आडवी नळी दिसेल की!" इर्मा म्हणाली. "नुसती गटारासारखी."

"मग फळ्यांची पेटी करून झाकतो. नक्षीची तुळई वाटेल."

मित्रांनो, धूर वर जातो. त्याला आडवं चालायला लावलं की तो रेंगाळतो, आणि रेंगाळला की काजळी धरतो. इथलं सरपण तर कायम दमट. त्याची काजळी डांबरासारखी चिकटते, आणि एक दिवस तीच पेट घेते. अशी नळी लाकडाच्या पेटीत कोंडायची? मी ओरडले असते, पण मला तोंड आहे ते फक्त लाकडं घालायला.

क्लोरिंदाला मात्र तोंड होतं. ती म्हणाली, "नळी फळ्यांत कोंडू नकोस, इर्मा."

"आई, झालं का तुझं सुरू? प्रत्येक गोष्टीत नाट लावायलाच हवा का?"

"सासूबाई, आतून पत्रा लावतोय मी," रेनातो म्हणाला. लावलाही होता. पण अर्ध्यातच पत्रा संपला, आणि उरलेली पेटी त्याने तशीच ठोकली. ते मी पाहिलं. क्लोरिंदानेही पाहिलं.

"अरे, पत्रा पुरला नाही," ती म्हणाली.

आता यास्नालाच रडू फुटलं. "आजी, माझं लग्न मोडायचंय का तुला? सारखी काहीतरी खुसपटं काढतेस!"

क्लोरिंदा नातीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. आजपासून मी मुकी." आणि आत निघून गेली. तिने ते खरं केलं. कपात चहा मागायचा तरी कप पुढे करायची, तोंड उघडायची नाही. घरातल्यांना वाटलं, म्हातारीला पटलं एकदाचं.

रेनातोने कागद आणि चार वाळक्या काड्या घालून मला पेटवून पाहिलं. "बघा, कशी मस्त ओढतेय!" अहो, ती काय आग होती? ती गुदगुली होती! तेवढ्यावर सगळे खूश झाले. मग मला पेटवलंच नाही, कारण राख उडेल, मखमल खराब होईल. सगळे कोट घालून थंडगार स्वयंपाकघरात जेवायचे आणि दिवाणखान्याच्या दारातून माझ्याकडे कौतुकाने बघायचे. मी एकटी फुलं डोक्यावर घेऊन थिजून बसायची. पूर्वी मला थंड पडायचीही भीती वाटायची. आता मी मनोमन म्हणायची, पाहुणे येऊच नयेत. समुद्र खवळू दे, बोट सुटू नये.

पण रविवारी दुपारी ते आले. उत्तरेचा वारा सुटला होता, पाऊस झोडपत होता, आणि दारात भिजलेल्या लोकरी शालीतली आडव्या अंगाची नेल्दाबाई, मुलाची आई, उभी होती. मागे तिचा नवरा ओरलांदो, हातात टोपी घेऊन.

नेल्दाबाईने दिवाणखान्यावर नजर फिरवली. "अगंबाई! इथे बसायचं की नुसतं बघायचं?"

"बसा ना, बसा," इर्मा कसनुसं हसली. तिने फुलदाणी उचलली, माझ्यात सरपण कोंबलं आणि काडी ओढली.

मी धूर वर ढकलला, तो वळणावर अडला आणि माझ्याच दारातून परत आला. पांढऱ्या पडद्यांसमोर, पाहुण्यांसमोर मी धुराचे लोट सोडत होते. जन्मात कधी झाली नाही एवढी माझी शोभा झाली. पण मित्रांनो, खरं सांगू? लाजेच्याही आड मला आशा वाटत होती. खोका, डोळे चोळा, पण कुणीतरी वर बघा!

"वारा उलटा आहे," इर्मा म्हणाली आणि खिडकी उघडली. "ताव आला की होईल नीट." तिने आणखी लाकडं घातली. चांगली जाड लाकडं.

आणि ताव आला. ज्वाळा उठल्या, धूर आडव्या नळीत सुसाट शिरला. सगळ्यांना बरं वाटलं. ओरलांदोने पाय पुढे केले. मला मात्र वर पेटीतली नळी तापत चाललेली कळत होती. जिथे पत्रा संपला होता तिथे फळी कोरडी पडत होती, करकरत होती. मी क्लोरिंदाकडे बघत होते. ती कोपऱ्यातल्या मखमली खुर्चीत, मांडीवर मिल्काओची बशी घेऊन बसली होती. तिची नजर वर फळ्यांवर होती. ओठ घट्ट मिटलेले. बोल गं बाई, मी म्हणत होते, बोल. आयुष्यभर तुझी भाकर भाजली, आज एवढं माझ्यासाठी बोल.

नेल्दाबाईने नाक वर करून हुंगलं. एकदा, दोनदा. "हा वास सरपणाचा नाही," ती म्हणाली. "भाजलेल्या फळीचा आहे. विहीणबाई, तुमचं धुराडं कुठून जातं?"

"सरळ वर," इर्मा म्हणाली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

यास्नाने आजीकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच विनवलं, नको आजी, आत्ता नको.

क्लोरिंदाने बशी खाली ठेवली.

"सरळ नाही जात," ती म्हणाली. कित्येक दिवस न वापरलेला तिचा आवाज घोगरा झाला होता. "त्या फळ्यांच्या मागून आडवं जातं. पत्रा अर्ध्यापर्यंतच आहे. रेनातो, फोड ते. आधी फोड, मग माझ्यावर चिडा सगळे!"

ती स्वतः उठली आणि तिने माझी हवेची झडप गच्च लावली. माझा श्वास कोंडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा श्वास कोंडल्यावर मला बरं वाटलं. रेनातोने निखारे ढवळायची माझी सळई घेऊन फळी उचकटली. आतली बाजू कोळशासारखी काळी होती आणि कडेने लाल रेघ सरपटत होती. वारा लागताच ती पेटलीच.

"पाणी!" इर्मा किंचाळली. किटली कुठे होती? गॅसजवळ, दुसऱ्या खोलीत. यास्नाने हाताशी आली ती फुलदाणी उपडी केली. प्लॅस्टिकच्या फुलांना पाणी कुठलं असणार! ओरलांदोने इतका वेळ चकार शब्द काढला नव्हता. त्याने आपला ओला कोट त्या फळीवर टाकला, दुसरं टोक रेनातोने धरलं, आणि दोघांनी ती फळी उचकटून धावत बाहेर पावसात भिरकावली. मग नेल्दाबाई आपली भिजकी शाल घेऊन कोचावर चढली, बुटांसकट, आणि तिने उरलेल्या फळ्या दाबून विझवल्या. मखमलीवर चिखलाचे ठसे उमटले. कुणाचं तिकडे लक्षही नव्हतं.

विझल्यावर इर्मा माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"तू बोलली का नाहीस गं, आई?"

"बोलले होते. दोनदा बोलले होते."

"मग आणखी एकदा बोलायचंस! माझ्या थोबाडीत मारायचीस!"

क्लोरिंदाने आधी माझी झडप पुन्हा एकदा चाचपून पाहिली. मग म्हणाली, "रुसले होते गं. म्हटलं, कळेल त्यांचं त्यांना. आणि इथे पोर बसली होती माझी." आणि यास्नाला जवळ घेऊन ती हमसून हमसून रडली.

"पुरे आता," नेल्दाबाईने नाक पुसलं. तिचेही डोळे भरले होते. "चला, सगळे स्वयंपाकघरात बसू, कोट घालून. मुलगी आम्हाला पसंत आहे. दिवाणखाना तेवढा तुमच्याकडेच ठेवा, विहीणबाई!"

इर्मा रडता रडता हसली.

आता माझ्या डोक्यावर छपराला नवं भोक आहे आणि धुराडं सरळ वर जातं, उघडं, सगळ्यांना दिसेल असं. रेनातो म्हणाला होता तसं ते गळतंही. थेंब बरोबर डाव्या कोचावर पडतात, म्हणून मखमलीवर तसराळं ठेवलेलं असतं. यास्ना सासरी गेली. माझ्यावर किटली परत आली आणि पाहुणे बुटांसकट आत येतात.

माझी भीती गेली नाही. लाकडी घरात ती जाऊही नये. मित्रांनो, तुमच्या घरी चूल असो, शेगडी असो, बंब असो, तिला सजवण्याआधी तिची वाट मोकळी ठेवा. तिची काजळी काढा, तिच्यापासून पडदे दूर ठेवा. आणि घरात कुणी एकदा बोललं, दोनदा बोललं आणि मग गप्प झालं, तर त्याला पटलं असं समजू नका. जवळ जाऊन विचारा.

इर्मा आता रोज विचारते. काडी हातात घेऊन माझ्यासमोर उकिडवी बसते आणि मागे वळून म्हणते, "आई, पेटवू?"

क्लोरिंदा लगेच उत्तर देत नाही. ती वरपासून खालपर्यंत सगळी नळी बघते, भिंत बघते. आणि तोवर आम्ही दोघी, इर्मा आणि मी, श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत असतो.