दोन्ही मिळून किती भरले

परळीत वीज तयार होते आणि परळीतच रोज तीन वाजता लोडशेडिंग होतं, ते थेट रात्रीपर्यंत. ह्या विनोदावर प्रणिताला आज हसू येत नव्हतं, कारण तिच्या हातात तीनच तास उरले होते. सिलिकॉनच्या चिपवर प्रकाशाचे दोन सारखे भाग करणारा, केसाहून बारीक असा फाटा तिनं काढला होता. चिप बनवायला जाणाऱ्या नकाशात तो आज गेला नाही, तर पुढची संधी थेट वर्षानं, आणि तिचं एम.टेक. तोवर लटकणार.

दोन हजार चारच्या या दिवाळीला ती घरी आली होती आणि गावातल्या नेट कॅफेत अडकली होती. तिथला संगणक असा रडका, की तिनं फाट्याची अर्धीच बाजू गणितात घातली. दुसरी बाजू आरशातल्यासारखी तशीच धरली. दोन्ही बाजूंचं एकमेकींशी प्रमाण बघितलं, तर झकास पन्नास-पन्नास!

बाराला तिचे वडील वैजिनाथअप्पा कॅफेत आले. त्यांचं मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, भुसाराचं दुकान.

"काय करायलीस ग?"

"प्रकाशाचे दोन वाटे, अप्पा. अगदी सारखे."

"सारखे हायत ते दिसायलंय. दोन्ही मिळून किती भरले?"

"म्हणजे?"

"आमी पोत्याचे दोन वाटे केले की दोन्ही परत एकदम काट्यावर चढवताव. सांडलं किती, ते कळाया नको का?"

प्रणिता हसायला गेली आणि पुन्हा पडद्याकडे वळली. अर्ध्या चित्रासमोर आरसा धरला, तर दोन्ही बाजू सारख्याच दिसणार. त्यात कसली आली हुशारी! तिनं बेरीज काढली. आत गेलेल्या शंभरातले एकतीस आणि एकतीस, मिळून बासष्ट. बाकीचा अडतीस टक्के प्रकाश फाट्याच्या तोंडाशीच सांडत होता.

तिनं पुण्याला तिच्या गाईड सरांना फोन लावून सांडलेल्या प्रकाशाचं सांगितलं. नवा फाटा तीनच्या आत होणार नव्हता.

"भाग सारखे आहेत ना? मग तसाच पाठव," सर म्हणाले. "रिसर्च पेपरात तेवढंच लिहू."

तसाच पाठवावा, असं तिला फार फार वाटलं. पावणेतीनपर्यंत ती फाट्याची फाईल मेलला जोडत होती आणि काढत होती. मग तिनं चिप बनवणाऱ्यांना मेल लिहिला: शंभरातले अडतीस वाया जातात, माझा फाटा या खेपेला घेऊ नका. तिनं तो धाडला आणि तिला रडू फुटलं.

अप्पा अजून शेजारीच बसले होते.

"म्या इचारलं नसतं, तर गेला असता न्हाई का तुजा फाटा?"

"गेला असता, अप्पा, सांडत सांडत," ती म्हणाली आणि त्यांचा हात धरून बसली.