कडूनिंबाजवळचा खांब

लाइनमनचं काम म्हणजे खांबावर चढणं, असं पाहणाऱ्याला वाटतं. खरं तर ते ऐकण्याचं काम आहे. खांबाला कान लावून उभं राहिलं की तार कुठे सैल आहे, कुठे पाखरं बसली आहेत, सगळं हळूहळू समजत जातं, फक्त घाई करायची नाही. मला लिहिणं-वाचणं नीट कधी आलं नाही, पण थांबणं येत होतं, आणि तेवढ्यावरच अमरावती-बडनेऱ्याच्या रस्त्यावर टेलिफोनच्या तारा सांभाळत माझी नोकरी निभावली.

चौपन्न सालच्या उन्हाळ्यात ललिताबाईंवर आळ आला. त्या अमरावतीच्या एक्सचेंजात ऑपरेटर होत्या. वयानं लहानच, पण वडिलांची नजर गेल्यापासून घर त्यांच्या पगारावर चालत होतं. मोरोपंत वकील अकोल्याच्या अशिलाशी ट्रंक कॉलवर बोलत, आणि ते बोलणं दाव्यातल्या विरुद्ध बाजूच्या माणसाला, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाचे मालक उत्तमराव यांना, जसंच्या तसं माहीत होई. ऑपरेटर ऐकते आणि बाहेर सांगते, असं वकिलांचं म्हणणं. "माझं बोलणं घरात बायकोले समजत नाही, अन् जिनवाल्याले बरं समजते," असं ते एक्सचेंजच्या दारात उभं राहून म्हणाले, तेव्हा दोघं-चौघं हसले, आणि ललिताबाई मान खाली घालून नंबर जोडत राहिल्या. एक्सचेंजचे साहेब मनानं वाईट नव्हते, पण त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं. शनिवारपर्यंत दुसरं कारण सापडलं नाही तर बाईंना कामावरून काढावं लागेल, असं त्यांनी सांगून टाकलं.

"सूर्यभानजी, मी नाही हो ऐकत कोणाचं," बाई मला म्हणाल्या.

"माणसाच्या आधी तार पाहावी, बाई," मी म्हटलं. "मी पायतो."

एक गोष्ट मात्र मला खुपत होती. वकिलांची तक्रार अशी होती, की ते बोलले मंगळवारी आणि उत्तमरावांना सोमवारीच ठाऊक होतं. वकिलांचा वार चुकला असेल म्हणून कोणी तिकडे लक्ष दिलं नाही. मी विचार केला, वकिलाचं दुसरं काहीही चुकेल, वार कसा चुकेल?

शुक्रवारी दुपारी, जिनाच्या अलीकडे एक मोठा कडूनिंब होता, त्याच्या जवळच्या खांबावर दोष सापडला. फांदीच्या भारानं तार धरणारा चिनी मातीचा पांढरा कप तडकला होता आणि अकोल्याची तार ओघळून जिनाच्या तारेला टेकली होती. एका तारेवरचं दुसऱ्या तारेवर जात होतं, आणि जिनात कोणी फोन उचलला की सगळं आयतं कानात पडत होतं. मी तपासणीचा फोन जिनाच्या तारेला जोडला. निंबाची पानं सळसळत होती, आणि त्यातून ललिताबाईंचा आवाज आला, त्यांचाच, पण जरा जड, जणू त्यांच्या थोरल्या बहिणीचा.

"मी अकोल्याची सुपरवायझर झाले. पहिला फोन तुम्हालाच केला."

मग एका म्हाताऱ्याचा, दात नसलेल्या तोंडाचा आवाज आला. "बरं झालं, पोरी."

तेवढ्यात साहेब सायकलवरून येऊन खांबाखाली उभे राहिले. मी फोन वायरीसकट खाली सोडला. आणखी ऐकावं, असं मला फार वाटत होतं. पण बाईंची नोकरी साहेबांच्या ऐकण्यावर होती. साहेबांनी कानाला लावला, थोडं थांबले, आणि हसले.

"कोणी म्हातारा आहे. म्हणतो, आता बंद कर. तो म्हणतो तसं करा, सूर्यभान."

मी कप बदलला, तार वर ओढून आवळली, फांदी छाटली. जिनाच्या तारेवर मग काही येईना. साहेबांनी त्याच संध्याकाळी वकिलांना स्वतः जाऊन सांगितलं आणि ललिताबाईंची नोकरी राहिली. त्यांनी मला चहा पाजला. दुपारी अकोल्याशी काय बोलत होत्या, असं मी सहज विचारलं, तर म्हणाल्या, सकाळपासून अकोल्याचा एकही कॉल नव्हता.



एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात, मला नोकरी संपून घरी बसून बराच काळ झाला होता आणि तोंडात दात उरले नव्हते, तेव्हा शफीभाईंच्या लाकडाच्या वखारीतून भरदुपारी निरोप आला, की माझ्यासाठी फोन आहे. साहेब वारून तोवर बरीच वर्षं झाली होती, आणि रस्ता रुंद केला तेव्हा तो कडूनिंबही तोडला होता. मी फोन कानाला लावला.

"सूर्यभानजी, मी ललिता. मी अकोल्याची सुपरवायझर झाले. पहिला फोन तुम्हालाच केला."

त्यांच्या आवाजामागे निंबाची पानं सळसळत होती. कोणीतरी श्वास रोखून ऐकत होतं. मला भीती वाटली नाही. डोळे मात्र भरून आले.

"बरं झालं, पोरी," मी म्हटलं.

तो श्वास दूर गेला. थोड्या वेळानं दुसरा आला, सायकल चालवून दमलेल्या माणसाचा.

"आता बंद कर," मी म्हटलं.

कोणीतरी हसलं.

"कोणाला म्हणताय, सूर्यभानजी?" ललिताबाईंनी विचारलं. मी फोन कानाशी घट्ट धरला. तिकडे खांबावर कोणीतरी, जरासुद्धा घाई न करता, तार आवळत होतं.